झूम किती एक्सचा? पहिल्या डीएसएलआरसाठी दुसरी लेन्स घेण्याआधी

सोलापूरची गड्ड्याची यात्रा महिन्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. भाच्यानं पिशवीतून कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामा, घेतला एकदाचा." कॅननचा सेकंड हँड डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; सोबत १८-५५ ची लेन्स. आधीचा मालक बिनआरशाच्या मिररलेसवर गेला, म्हणून यानं स्वस्तात उचललेला. संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. त्यानं देवळाच्या शिखरावर लेन्स रोखली, झूमची रिंग शेवटपर्यंत फिरवली आणि तोंड पाडलं. शिखर होतं, पण चौकटीत बोटाच्या पेराएवढं. बाकी सगळं पाणी आणि आभाळ.

"मामा, माझ्या मोबाईलला शंभर एक्स आहे की ओ. ह्याला तीनच कसा?"

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन सगळ्यात जास्त एक्सची लेन्स मागणार होता. मी त्याला अडवलं, कारण असाच एक आकडा बघून मीही कधीकाळी लेन्स घेतली होती. तो किस्सा पुढे येईलच. आधी त्याचा प्रश्न, कारण मोबाईलवरून मोठ्या कॅमेऱ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथंच अडकतो.

एक्स म्हणजे नुसता भागाकार

झूम लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. १८-५५, ५५-२५०, ७०-३०० असे. हे मिलिमीटर. मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागलं की जे येतं तो एक्स. ५५ भागिले १८, म्हणजे तीन. झालं, यापलीकडे एक्समध्ये काही नाही.

कुणी सांगितलं की माझा धंदा तिप्पट झाला, तर आपण लगेच विचारतो, आधी केवढा होता? चहाची टपरी तिप्पट झाली तरी हॉटेल होत नाही. लेन्सचंही तसंच. १८-२०० ही लेन्स ११ एक्सची, आणि १५०-६०० ही चारच एक्सची. पण पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी खांद्यावर ती दोन किलोची १५०-६०० घेऊनच हिंडतात, कारण तिची सुरुवातच तिथून होते जिथं आपली किट लेन्स कधीच संपलेली असते. किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत खोक्यात येते ती.

मोबाईलचा एक्स तर आणखी वेगळा. तो फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापासून मोजतात आणि हा मुख्य कॅमेरा मुळात बराच रुंद बघणारा असतो. त्यातला थोडा झूम खऱ्या भिंगांचा, उरलेला चित्र मधोमध कापून ताणायचा. सॅमसंगनं २०२० मध्ये एस२० अल्ट्राच्या पाठीवरच १०० एक्स छापलं, तेव्हापासून हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. चादर ओढून ओढून डबल बेडवर घालता येते हो, पण मधला विरलेला भाग दिसतोच.

म्हणून दुकानात "किती एक्स?" विचारू नका. मिलिमीटर किती ते विचारा.

मिलिमीटर म्हणजे खिडकीपासून किती मागे

या मिलिमीटरना फोकल लेंग्थ म्हणतात. शाळेत भिंगाच्या धड्यात 'नाभीय अंतर' होतं, तेच. व्याख्या पाठ असली तरी चित्र डोळ्यापुढे येत नाही, म्हणून मी खिडकीचं उदाहरण देतो. खिडकीच्या गजांना नाक लावून उभं राहिलं की अख्खी गल्ली दिसते: इकडचा किराणावाला, तिकडचं पिंपळाचं झाड. मग मागे सरकत खोलीच्या पलीकडच्या भिंतीला टेका. आता त्याच खिडकीतून समोरच्या घराचं फक्त दार दिसतं. खिडकी तेवढीच आहे, तुम्ही मागे गेलात. कॅमेऱ्यात खिडकी म्हणजे सेन्सर, प्रकाश टिपणारी आयताकृती चिप, आणि मिलिमीटर म्हणजे तुम्ही तिच्यापासून किती मागे.

हे उदाहरण मला आवडतं कारण त्यातून हिशेबही सरळ निघतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२.३ मिलिमीटर रुंद असतो. समोरची वस्तू १० मीटरवर असेल, तर १८ मिलिमीटरला चौकटीत १२ मीटरहून जास्त रुंदी बसते. ५५ ला चार मीटर. २५० ला जेमतेम ९० सेंटिमीटर. म्हणजे १८ ला वाड्याची अख्खी दर्शनी बाजू, ५५ ला दार आणि ओटा, २५० ला दारात उभ्या असलेल्या आजींचा चेहरा आणि नथ.

आता याच हिशेबातून दुकानदार न सांगणाऱ्या दोन गोष्टी कळतात. २५० ऐवजी ३०० घेतली तर ती ९० सेंटिमीटरची चौकट सुमारे ७५ ची होते. वीतभरही फरक नाही. त्याउलट १८ ऐवजी १५ पासून सुरू होणारी लेन्स असली तर १२ मीटरची चौकट जवळजवळ १५ मीटरची होते. लांबच्या टोकाला ५० मिलिमीटर वाढून जे होत नाही, ते रुंद टोकाला तीन मिलिमीटर कमी करून होतं. अरुंद बोळात वाड्याचा फोटो काढताना पाठ मागच्या भिंतीला टेकली की हे तीन मिलिमीटर आठवतात.

"पण दुकानदार म्हणाला २५० म्हणजे खरं तर ४०० आहे!" हा भाच्याचा पुढचा प्रश्न. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्यात तुमच्या कामाचंही काही नाही. महागड्या कॅमेऱ्यांत जुन्या फिल्मएवढा, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर असतो. आपली खिडकी त्याहून लहान, म्हणून तितक्याच मागे उभं राहूनही कमी दिसतं. कॅननला १.६ नं आणि निकॉनला १.५ नं गुणलं की मोठ्या सेन्सरवर कुठली लेन्स तसंच दाखवेल ते कळतं. तुम्ही दोन्ही कॅमेरे वापरत नसाल तर हा गुणाकार विसरून जा. फक्त एका ठिकाणी तो लागेल, ते पुढे सांगतो.

खरे पैसे मोजायचे ते उजेडाचे

लेन्सवर मिलिमीटरनंतर आणखी एक आकडा असतो, त्याच्याकडे नवखा माणूस बघतच नाही. एफ/३.५-५.६, एफ/२.८ असा काहीतरी. लेन्सची किंमत, वजन आणि रात्रीच्या फोटोंचं नशीब बहुतेक याच आकड्यात लिहिलेलं असतं.

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे पाणी येतं काही दिवसांआड, आणि आलं की घरातलं एकूण एक भांडं भरायचं असतं. नळाची तोटी मोठी असेल तर घागर पटकन भरते. बारीक असेल तर जास्त वेळ धरून उभं राहावं लागतं. घागर भरायला लागणारं पाणी तेवढंच. लेन्सचं तोंड किती उघडतं ते म्हणजे तोटी, यालाच अ‍ॅपर्चर म्हणतात. शटर किती वेळ उघडं राहतं तो नळाखाली उभं राहायचा वेळ. तोटी बारीक, तर वेळ जास्त. आणि वेळ जास्त लागला की तेवढ्यात हात हलतो, नाहीतर समोरचा माणूस हलतो, नाहीतर दोघंही.

तिसरा एक मार्ग असतो, आयएसओ वाढवून आहे तोच उजेड कॅमेऱ्याकडून जास्त करून घ्यायचा. म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत तांब्याभर पाणी ओतायचं. सगळ्यांना पुरते, चव मात्र जाते. फोटोत ती चव जाते दाण्यांच्या रूपात, काळ्या भागात रांगोळी सांडल्यासारखी.

एफचा आकडा उलटा चालतो, हे एकदाच घोकून घ्यायचं: आकडा लहान तर तोंड मोठं. कारण तोही भागाकार आहे. मिलिमीटरना त्या आकड्यानं भागलं की लेन्सला लागणाऱ्या उघड्या तोंडाचा व्यास निघतो. २५० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ४५ मिलिमीटर. २०० भागिले २.८, म्हणजे ७१ मिलिमीटर. पहिल्या जातीची लेन्स, कॅननची ५५-२५०, ३७५ ग्रॅमची आहे. शबनममध्ये टाकली तर आठवणही राहत नाही. दुसरी, ७०-२०० एफ/२.८, दीड किलोच्या आसपास जाते आणि नवीन घेतली तर कॅमेऱ्याच्या कितीतरी पट पैसे मागते. एवढं रुंद, स्वच्छ काच घासून बनवायचं म्हणजे पैसे लागणारच. त्यात लूट नाही.

एफ/५.६ आणि एफ/२.८ यांत फरक चौपट उजेडाचा. आकडा निम्मा, उजेड चौपट, कारण व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे जिथं एक बटे ६० सेकंद लागत होता, तिथं एक बटे २५० मध्ये काम होतं. संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर होम पेटलेला असतो, बाराबंदी घातलेले भक्त हलत असतात, उजेड ज्वाळांचा आणि दिव्यांचा. तिथं एक बटे ६० आणि एक बटे २५० यांत ओळखू येणारा चेहरा आणि पांढरा फराटा एवढा फरक पडतो.

आणि ३.५-५.६ असे दोन आकडे का? स्वस्त झूममध्ये जसजसं तुम्ही लांब झूम करता तसतसं तोंड त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून एफचा आकडा चढत जातो. १८ ला ३.५, ५५ ला ५.६. सगळ्यात जास्त उजेड हवा असतो झूम केल्यावर, आणि नेमका तिथंच तो आटतो. ज्या झूमवर एकच आकडा लिहिलेला असतो ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढीच उघडते. महाग असते ती त्यासाठी.

हात हलतो की माणूस हलतो?

आता माझा किस्सा. माझ्या पहिल्या डीएसएलआरसाठी मी दुसरी लेन्स घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवर दोन होत्या. एक २५० पर्यंत, दुसरी ३०० पर्यंत. ३०० वाली स्वस्तही. जास्त मिलिमीटर, कमी पैसे, मग विचार कसला करायचा? दोघींत फरक काय, हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घेऊन आलो आणि त्या वर्षी नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेलो. साती काठ्या निघालेल्या, उन्हं उतरलेली. काठी पेलणाऱ्याच्या कमरेचा पट्टा, ताणलेली मान, कपाळावरचा घाम, सगळं ३०० वर ओढून टिपलं. घरी येऊन संगणकावर बघितलं तर दोनशेपैकी धड असे अकरा. बाकीच्यांत माणसाला दोन दोन कडा.

त्या लेन्समध्ये स्थिरीकरण नव्हतं. स्थिरीकरण म्हणजे लेन्समधलं एक भिंग तुमच्या हाताच्या थरथरीच्या उलट दिशेनं सरकत राहतं आणि चित्र जागेवर धरतं. प्रत्येक कंपनीनं त्याचं नाव वेगळं ठेवलंय: कॅनन आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस. मघाच्या आयएसओशी या आयएसचा काही संबंध नाही, नावाचा गोंधळ तेवढा आहे.

हात स्थिर ठेवायचा जुना ठोकताळा असा: जेवढे मिलिमीटर, तेवढ्यावा भाग सेकंद, किंवा त्याहून कमी वेळ. आणि इथंच तो १.६ चा गुणाकार लागतो. कॅननवर २५० ला एक बटे ४०० सेकंद हवा. चांगल्या स्थिरीकरणात हाच वेळ तीन पायऱ्यांनी, म्हणजे तीनदा दुप्पट करून, एक बटे ५० पर्यंत वाढवता येतो. एवढा फरक!

पण हा उपाय फक्त तुमच्या हातावर आहे. समोरचा माणूस नाचत असेल तर भिंग काय करणार? देवळाचं शिखर, झाडावर निवांत बसलेला बगळा, कट्ट्यावर पेपर वाचणारे आजोबा, यांना स्थिरीकरण पुरतं. लेझीम, कुस्ती, पळणारं पोर, यांना मोठं तोंडच लागतं. हे दोन आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. बाजारात मात्र दोन्हीचं औषध म्हणून झूमच विकला जातो.

नाव नीट वाचायची सवय लावा ती याचसाठी. निकॉनची एएफ-पी ७०-३०० ही लेन्स दोन प्रकारांत येते, एक व्हीआरवाली आणि एक बिनव्हीआरची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. कॅननची स्वस्तातली ७५-३०० ची तिसरी आवृत्ती स्थिरीकरणाविना येते. गंमत म्हणजे एसएलआरसाठीची पहिली स्थिरीकरणवाली लेन्स कॅननचीच, १९९५ सालची, आणि तीही ७५-३०० च होती. त्यामुळे नुसता आकडा बघून काही कळत नाही.

आधी स्वतःचे फोटो उघडा

दुसऱ्या दिवशी भाच्याला दुकानाऐवजी लॅपटॉपपुढे बसवलं. डिजिटल फोटोच्या पोटात कॅमेरा सगळी नोंद ठेवतो: किती मिलिमीटरला काढला, तोंड किती उघडं होतं, शटर किती वेळ. विंडोजमध्ये फोटोवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडलं की दिसतं. त्याच्याकडे आठवडाभरात काढलेले सव्वातीनशे फोटो होते. मी वही घेतली आणि तीन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात ५५ ला अडकलेले फोटो, म्हणजे जिथं रिंग शेवटपर्यंत फिरवूनही जवळ जाता आलं नव्हतं. दुसऱ्यात १८ ला अडकलेले, जिथं मागे सरकायला जागा नव्हती. तिसऱ्यात फिसकटलेले, म्हणजे हललेले किंवा दाणेदार.

पहिला रकाना भरला, यात नवल नाही. पण तिसराही जवळजवळ तेवढाच भरला. त्यात त्याच्या चुलतबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. घरातला हॉल, वर एकच ट्यूबलाइट. एक फोटो आम्ही मोठा करून बघितला. पाळण्याची झालर स्वच्छ, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचता येतंय. म्हणजे याचा हात हलला नव्हता. आणि बाळाच्या कानात 'कुर्र' करायला वाकलेल्या आत्याच्या हाताच्या जागी नुसता धूर. नोंद बघितली: ४८ मिलिमीटर, एफ/५.६, एक बटे १५ सेकंद.

"मामा, इथं झूम काय करणार होता?" त्यानंच विचारलं.

काही नाही. तीन हजार मिलिमीटरची लेन्स आणली असती तरी त्या हॉलमध्ये ती बिनकामाचीच.

मग घ्यायची कुठली?

तुमचा पहिला रकाना भरत असेल, म्हणजे फोटो दिवसाचे आणि दुखणं लांबीचं असेल, तर स्थिरीकरणवाली ५५-२५० किंवा ७०-३०० जातीची लेन्स घ्या आणि किट लेन्स ठेवून द्या. कॅननवाल्यांनी ५५-२५० आयएस एसटीएम बघावी. २०१३ पासूनची आहे, हलकी आहे आणि मोटर जवळजवळ बिनआवाजी. निकॉनवाल्यांनी व्हीआरवाली ७०-३०० एएफ-पी. मात्र निकॉनमध्ये एक मेख आहे. जुन्या डी३१००, डी३२००, डी५१०० अशा कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्स चालतच नाही, त्यांनी एएफ-एस लिहिलेली ५५-२०० किंवा ५५-३०० शोधावी. आणि निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते. लेन्समध्येच मोटर हवी. नावात नुसतं एएफ असलेली जुनी लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. स्वस्तात मिळाली म्हणून आनंदानं घरी आणून मग कपाळाला हात लावलेले लोक मी बघितलेत.

तिसरा रकाना भरत असेल, म्हणजे फोटो लग्नाचे, बारशाचे, गाभाऱ्यातले, तर लांब जाऊ नका. किट लेन्सच्या जागी १७-५० एफ/२.८ जातीची लेन्स आणा. सिग्मा आणि टॅमरॉन दोघांच्याही आहेत, आणि सिग्माची २०१० सालची ओएसवाली आजही जुन्या बाजारात फिरते. लांबी किट लेन्सएवढीच, उलट पाच मिलिमीटरनं कमी. म्हणून लोकांना वाटतं, एवढे पैसे देऊन मिळवलं काय? पण ५० च्या टोकाला चौपट उजेड मिळवला. त्या बारशाच्या फोटोत एक बटे १५ च्या जागी एक बटे ६० मिळाला असता. आयएसओची एक पायरी चढवली की एक बटे १२५. आत्याचा हात दिसला असता.

तेवढे पैसे नसतील तर झूमचा हट्ट सोडून ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. झूम अजिबात नाही, पुढे-मागे आपणच व्हायचं. पण एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दसपट उजेड, आणि बहुतेक कंपन्यांची ही सगळ्यात स्वस्त लेन्स. झूमवरच्या लेखात बिनझूमची लेन्स सुचवणं जरा विचित्र आहे, पण मला तिच्याइतकं पैसे वसूल करून देणारं दुसरं काही माहीत नाही.

दुसरा रकाना भरणारे, वाड्या-देवळांचे फोटो काढणारे, कमी असतात. त्यांच्यासाठी कॅननची १५-८५, निकॉनची १६-८५.

एकाच लेन्समध्ये सगळं का नको?

१८-२०० आहे, टॅमरॉननं २०१७ मध्ये १८-४०० सुद्धा आणली. तब्बल २२ एक्स! लेन्स बदलायची भानगड नाही. प्रवासाला जाणाऱ्याला, गड्ड्याच्या धुळीत लेन्स काढायची भीती वाटणाऱ्याला ती सोयीची आहेच, मी नाही म्हणत नाही. पण रुंद बघायला भिंगं एका तऱ्हेनं मांडावी लागतात, लांब बघायला दुसऱ्या. दोन्ही एकाच नळीत बसवायचं तर तडजोड आली. सरळ भिंती थोड्या फुगतात, कोपरे मऊ पडतात, आणि लांबच्या टोकाला तोंड एफ/६.३ वर येतं, म्हणजे किट लेन्सहूनही बारीक. तुमचा तिसरा रकाना भरलेला असेल तर ही लेन्स त्यात भरच घालेल.

नान्नजला काळवीट मिळेल का?

सोलापुरात झूम घेणाऱ्याच्या मनात नान्नज असतंच. माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक आता दिसेल याची आशा धरू नये, पण काळवीट दिसतात. पुन्हा खिडकीचा हिशेब करू. काळवीट ६० मीटरवर असेल तर २५० मिलिमीटरला चौकट साडेपाच मीटरच्या आत-बाहेर. काळविटाचं अंग सव्वा मीटर धरा. म्हणजे चौकटीचा जेमतेम पाव भाग. गवत, आभाळ आणि मधोमध काळवीट असा फोटो छान येतो. पण डोळ्यातली चमक दिसेल असा नाही. ६०० ला चौकट सव्वादोन मीटरची होते, तेव्हा कुठं अंग निम्म्याहून जास्त भरतं.

आणि मग लोक ६०० आणतात, बाराच्या उन्हात जातात आणि म्हणतात लेन्स खराब आहे, फोटो शार्प येत नाही. लेन्स ठीक असते, हवा उकळत असते. तापलेल्या माळावरून गरम हवेचे थर वर चढतात आणि त्यातून येणारा प्रकाश वेडावाकडा वळतो. डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतं तोच प्रकार. जितकं लांबून बघाल तितकी जास्त हवा मध्ये. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर माझी लांबची लेन्स पिशवीतच असते. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास फुकट मिळतो आणि तो २५० वाल्यालाही ६०० वाल्याच्या दुपारपेक्षा चांगला फोटो देतो.

डीएसएलआर बंद पडतायत म्हणे

खरं आहे. कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांवर. नवीन डीएसएलआर लेन्स येणं जवळजवळ थांबलंय. मग आता पैसे घालायचे का?

मला तर हीच वेळ बरी वाटते. लोक जुनं सामान विकतायत, त्यामुळे कालपर्यंत परवडत नव्हत्या त्या लेन्स हाताला लागतायत. कॅननची ईएफ बैठक, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथं अडकते ती जागा, १९८७ पासूनची, निकॉनची एफ १९५९ पासूनची; इतक्या वर्षांचं सामान काही एका रात्रीत गायब होत नाही. आणि उद्या मिररलेस घेतलात तर कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरनं आजची बहुतेक लेन्स त्यावर बसते. कॅननच्या लेन्स फोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी चालतात. बिनमोटरच्या जुन्यांचा फोकस मात्र निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवरही हातानंच.

नवीन लेन्स घेऊ नका असं मात्र मी थेट म्हणेन. डीएसएलआरची लेन्स आज नवी घेतली तर विकताना निम्मेही हातात येतील की नाही शंका आहे.

जुनी लेन्स हातात घेतल्यावर

भाच्यासोबत मी गेलो ते जुन्या सामानाच्या दुकानात. खिशात मोबाईल, म्हणजे टॉर्च. दुकानदारानं ५५-२५० काढून ठेवली. बाहेरून नवीकोरी, एक ओरखडा नाही. दोन्ही टोपणं काढली, मागून टॉर्च धरला आणि पुढून तिरकं बघितलं. आतल्या एका भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे आपल्याकडे ती कोकणापेक्षा कमी, पण जुनी लेन्स कुठल्या गावाहून आली हे कुणाला ठाऊक? शिवाय रेक्झिनच्या पाकिटात घालून वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर इथंही धरते. काच पुसून जाणारी नाही, ती आत असते आणि वाढत जाते. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत ते येत नाहीत. बुरशीला मात्र हात जोडायचे.

"आम्ही साफ करून देतो की," दुकानदार म्हणाला. भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

त्यानं दुसरी काढली. हिच्या नळीवर ओरखडे, पुढच्या कडेचा रंग उडालेला. टॉर्चमध्ये आतून स्वच्छ. कॅमेऱ्यावर लावली, झूमची रिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, कुठं अडतेय का बघायला. दुकानाबाहेरच्या पाटीवर रोखून २५० ला दहा फोटो काढले. मोठे करून डावीकडची अक्षरं आणि उजवीकडची अक्षरं सारखीच स्वच्छ आहेत का तपासलं, कारण पडलेल्या लेन्सचं भिंग कलतं आणि एक बाजू धूसर येते. मग आयएसचं बटण बंद करून व्ह्यूफाइंडरमधून बघितलं, चालू करून बघितलं. चालू केल्यावर थरथरणारी पाटी पाण्यातून वर येऊन ठरल्यासारखी थांबली. भाचा नुसताच "आयला" म्हणाला.

मागचं टोपण मूळचं नव्हतं, म्हणून त्यानं दोनशे रुपये कमी करून घेतले. उरलेल्या पैशांत ५० ची एफ/१.८ पुढच्या महिन्यात घ्यायची ठरलीय, बाळाच्या जावळापर्यंत.